गोव्यातील नाकाबंदी, कागदपत्रांची तपासणी आणि तालांव: वाहनचालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वाहतूक दंडाला सर्रास ‘तालांव’ म्हणतात. हा शब्द पोर्तुगीज ‘तालांव’वरून आला असून त्याचा मूळ अर्थ पावतीपुस्तकातून फाडून दिलेला तुकडा असा आहे. म्हणजे पावती दिली तरच तो तालांव, हे शब्दातच आहे. पुढील उत्तरे वाचताना एवढे लक्षात ठेवावे, कारण रस्त्यावर पोलिसांनी काहीही घेतले, मग ते पैसे असोत, लायसन असो वा गाडी, तरी त्याचा कागद मागणे हाच चालकाच्या हातातला सर्वांत उपयोगी हक्क आहे. ही माहिती मोटार वाहन कायदा, १९८८, त्यातील २०१९ च्या दुरुस्त्या आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (अटक, झडती यांची रीत सांगणारा कायदा) यांवर आधारलेली आहे. प्रत्यक्ष खटला उभा राहिल्यास वकिलांचा सल्ला घ्यावा.

साध्या शिपायाने हात केला तर थांबलेच पाहिजे का? उपनिरीक्षकाच्या खालच्या पोलिसाला गाडी अडवता येत नाही, असे ऐकले आहे.

थांबलेच पाहिजे. हा गैरसमज गोव्यात फार पसरलेला आहे आणि तो मोटार वाहन कायद्याच्या कलम १३२ च्या अर्धवट वाचनातून आला आहे. त्या कलमात उपनिरीक्षक किंवा त्यावरील हुद्द्याच्या गणवेशधारी अधिकाऱ्याचा उल्लेख आहे खरा, पण तो अपघातात सापडलेले वाहन जागेवर थांबवून ठेवण्याविषयी आहे, आणि तेथेही वाजवी कारणापुरते व जास्तीत जास्त २४ तास अशी मर्यादा आहे. रोजच्या वाहतुकीसाठी कलम ११९ पाहावे. रहदारीचे नियमन करणाऱ्या कोणत्याही पोलिसाने दिलेली सूचना चालकाने पाळलीच पाहिजे, असे ते सांगते, आणि त्यात हुद्द्याची अट नाही. लायसन दाखवण्याविषयीच्या कलम १३० मध्येही हुद्दा नाही, अट आहे ती गणवेशाची. त्यामुळे म्हापसा किंवा मडगावच्या चौकात गणवेशातील शिपायाने लायसन मागितले तर ते दाखवावे लागते. साध्या कपड्यातील माणसाने स्वतःला पोलीस म्हणवून ते मागितले, तर गणवेशातील अधिकाऱ्याला बोलावण्याची विनंती करणे कायद्याला धरून होते. कायदेशीर सूचना जाणूनबुजून धुडकावल्यास कलम १७९ खाली २,००० रुपयांपर्यंत दंड आहे, आणि नाका चुकवून पळालेल्या गाडीकडे पोलीस पुढे कोणत्या नजरेने पाहतात हे सांगायला नकोच.

कोणती कागदपत्रे दाखवावी लागतात आणि मोबाइलवरची चालतात का?

लायसन, नोंदणी प्रमाणपत्र, विमा आणि पहिल्या नोंदणीला एक वर्ष झाले असल्यास प्रदूषण नियंत्रण प्रमाणपत्र. टॅक्सी, रेंट-अ-कॅब, मालवाहू टेम्पो अशा वाहनांना परवाना आणि योग्यता प्रमाणपत्रही लागते. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधील कागद मूळ कागदाइतकेच ग्राह्य आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १ ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, इलेक्ट्रॉनिक माध्यमातून कागद वैध असल्याचे दिसले तर प्रत्यक्ष कागदाची मागणी करता येत नाही. मात्र गॅलरीत ठेवलेला छापील लायसनचा फोटो म्हणजे डिजिलॉकर नव्हे. हा फरक चालकांना नेमका नाक्यावरच कळतो. सत्तरी किंवा सांगेच्या आतल्या भागात मोबाइलची रेंज जाते, तेव्हा कागद आधीच उघडून ठेवणे शहाणपणाचे.

घाईत सगळेच घरी राहिले असेल तर?

त्या क्षणी कागद जवळ नसणे आणि कागद मुळातच नसणे या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या आहेत. कलम १३० आणि त्याखालील नियम १३९ नुसार मागणी झाल्यापासून १५ दिवसांच्या आत संबंधित अधिकाऱ्यासमोर कागद सादर केले तरी तरतुदीचे पालन झाले असे धरले जाते. व्यावसायिक वाहनाच्या नोंदणी व योग्यता प्रमाणपत्राला ही सवलत नाही. प्रत्यक्षात अनेकदा पोलिसांच्या हातातील तालांवाच्या यंत्रावर ‘लायसनविना वाहन चालवणे’ हाच गुन्हा नोंदवला जातो आणि त्याला कलम १८१ खाली ५,००० रुपये दंड आहे. अशा वेळी ‘माझ्याकडे वैध लायसन आहे, क्रमांक हा, १५ दिवसांत सादर करतो’ असे शांतपणे सांगून तेवढी नोंद करून घेण्याचा आग्रह धरावा. लायसनचा क्रमांक यंत्रात घातला की ते आहे की नाही हे पोलिसांना तेथल्या तेथे दिसू शकते.

पोलिसाने स्कूटरची किल्ली काढून घेतली. हे बरोबर आहे का?

किल्ली काढून घेण्याचा अधिकार देणारे कलम मोटार वाहन कायद्यात नाही. वाहन ताब्यात घेण्याचे कलम आहे, पण त्याची रीत वेगळी आहे, आणि चालू गाडीच्या इग्निशनमध्ये हात घालणे त्या रीतीत बसत नाही. तरीही रस्त्यावर किल्लीसाठी ओढाओढ करू नये, कारण तेव्हा मूळ चूक कोणाची हा प्रश्न मागे पडतो आणि लोकसेवकावर बळाचा वापर केल्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम १३२ खालचा, गुन्हा चालकावर लागू शकतो. त्याची शिक्षा दोन वर्षांपर्यंत आहे. पोलिसाच्या छातीवरील नावपट्टीवरचे नाव, वेळ आणि जागा लिहून घ्यावी आणि तक्रार नंतर करावी.

लायसन ठेवून घेऊ शकतात का?

ठराविक परिस्थितीत घेऊ शकतात. कागद खोटा असल्याची सबळ शंका असेल, किंवा गुन्हा नोंदवलेला चालक फरारी होण्याची शक्यता असेल, तर कलम २०६ खाली लायसन जप्त करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने अतिवेग, धोकादायक वाहन चालवणे, मद्यपान, दुचाकीवर तिघे, हेल्मेट न घालणे, रुग्णवाहिकेला वाट न देणे अशा गुन्ह्यांतही लायसन घेऊन ते परवाना अधिकाऱ्याकडे, म्हणजे गोव्यात वाहतूक खात्याच्या साहाय्यक संचालकांकडे, पाठवण्याची तरतूद आली. हेल्मेट नसल्यास १,००० रुपये दंड होतो हे सर्वांना ठाऊक आहे, पण त्याच कलमात तीन महिने लायसन निलंबित होण्याची तरतूद आहे आणि मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट बंधनकारक आहे, याची कल्पना फार थोड्यांना असते. निलंबनाचा आदेश काढण्यापूर्वी चालकाचे म्हणणे ऐकून घेणे परवाना अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

लायसन घेतले की तात्पुरती पोच देणे पोलिसांवर बंधनकारक आहे, आणि ते परत मिळेपर्यंत त्या पोचेवर गाडी चालवता येते. पोच न देता ‘उद्या सेलमध्ये (वाहतूक पोलिसांच्या कार्यालयात) येऊन घेऊन जा’ असे सांगितले जाते, तेव्हा नम्रपणे पण ठामपणे पोच मागावी. दुसऱ्या नाक्यावर तुमची बाजू मांडायला तोच एक कागद असतो.

गाडी कधी जप्त करता येते?

कलम २०७ ची यादी छोटी आहे: चालकाकडे लायसनच नाही, चालक अल्पवयीन आहे, वाहनाची नोंदणी नाही, किंवा परवाना नाही अथवा त्याच्या अटींचा भंग झाला आहे. विमा संपला, सीटबेल्ट नव्हता, काचेवर फिल्म होती या कारणांनी दंड होईल, पण या कलमाखाली गाडी अडकवता येत नाही. नोंदणीचा प्रश्न सोडल्यास गाडीऐवजी नोंदणी प्रमाणपत्र ताब्यात घेऊन पोच देण्याची मुभाही अधिकाऱ्याला आहे. रात्री म्हातारी माणसे किंवा लहान मुले गाडीत असतील तर ही मुभा वापरण्याची विनंती अवश्य करावी. अपघात झालेले किंवा गुन्ह्यात वापरलेले वाहन ताब्यात घेण्याचे अधिकार वेगळे आहेत आणि तेथे ही यादी लागू होत नाही.

दंड तेथेच भरावा लागतो का?

नाही. जागेवर दंड भरणे म्हणजे कलम २०० खाली तडजोड करणे, आणि तडजोड दोन्ही बाजूंच्या संमतीची गोष्ट आहे. गुन्हा मान्य नसेल तर पैसे न भरता प्रकरण न्यायालयात पाठवण्यास सांगता येते. तेथे बाजू मांडता येते, पण दंड कमी होईलच याची हमी नसते. तडजोडीची रक्कम ठरवण्याचा आणि ती कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने घ्यावी हे सांगण्याचा अधिकार राज्य सरकारचा आहे. गोव्यात वाढीव दंड १ एप्रिल २०२२ पासून लागू झाले.

पैसे भरण्यापूर्वी तालांवावर कोणते कलम, कोणता वाहन क्रमांक आणि कोणती वेळ लिहिली आहे ते वाचावे. मी स्वतः एकदा पावसात घाईघाईने रक्कम भरून मोकळा झालो आणि घरी आल्यावर पाहतो तर चूक वेगळी आणि कलम वेगळे लागलेले होते. भरलेल्या तालांवाबद्दल नंतर वाद घालणे अवघड जाते.

कळंगुट-बागा भागात रात्री श्वासचाचणीसाठी सरसकट सर्वांना थांबवतात. नकार देता येतो का?

हा प्रश्न गोव्यात सर्वाधिक विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देणे भाग आहे. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यांश असेल तर कलम १८५ खाली गुन्हा होतो. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. कलम २०३ नुसार गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याला श्वासचाचणी मागता येते, मात्र चालकाने मद्यपान केले असावे अशी वाजवी शंका असावी लागते. सरसकट तपासणीत ही शंका प्रत्येकाच्या बाबतीत कशी येते, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने योग्यच आहे, पण तो रात्री एक वाजता नाक्यावर सोडवण्याचा हट्ट धरू नये. ज्याने मद्य घेतलेले नाही त्याने यंत्रात फुंकून पुढे जावे.

नकार देणाऱ्याचे काय होते? मद्यपानाची वाजवी शंका असेल तर नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि वाजवी कारणाशिवाय दिलेला नकार पुढे न्यायालयात त्याच्याविरुद्धच वाचला जातो. चालकाच्या बाजूची तरतूद कलम २०२ मध्ये आहे आणि ती पाठच करावी: मद्यपानाच्या संशयावरून अटक झालेल्या व्यक्तीची अटकेपासून दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झालीच पाहिजे, अन्यथा तिला सोडावे लागते. पोलीस ठाण्यावर पुन्हा श्वासचाचणीची संधीही मिळते. रक्ताचा नमुना डॉक्टरनेच घ्यायचा असतो. चालक स्त्री असून डॉक्टर पुरुष असेल तर दुसरी स्त्री हजर असल्याशिवाय नमुना घेता येत नाही. इस्पितळात दाखल असलेल्या रुग्णाला या कलमांखाली अटक करता येत नाही.

यंत्राची नळी नवी असावी, यंत्रावरचा आकडा स्वतः पाहता यावा आणि छापील नोंद निघत असल्यास तिची प्रत मिळावी, अशी मागणी कोणालाही करता येते. खोकल्याचे औषध किंवा तोंड धुण्याचे द्रव नुकतेच घेतले असल्यास ते तेव्हाच सांगावे आणि थोड्या वेळाने दुसरी चाचणी मागावी. मात्र ‘एकच बिअर घेतली’ हे उत्तर बचाव म्हणून देऊ नये, कारण ती कबुली आहे.

डिकी उघडायला सांगितले. वॉरंट लागत नाही का?

केवळ लायसन-विम्याच्या तपासणीसाठी डिकी उघडून झडती घेण्याचा सर्वसाधारण अधिकार मोटार वाहन कायदा देत नाही. इतर कायदे मात्र देतात. पत्रादेवी, मोले किंवा पोळे येथील सीमेवर मद्याची वाहतूक तपासली जाते, ती अबकारी कायद्याखाली, आणि अमली पदार्थांच्या संशयावरून सार्वजनिक जागी वाहन थांबवून वॉरंटशिवाय झडती घेण्याचा अधिकार १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. म्हणून ‘वॉरंट दाखवा’ एवढे एकच वाक्य सर्वत्र चालत नाही. ‘कोणत्या कायद्याखाली आणि कशाच्या संशयावरून’ हा प्रश्न त्यापेक्षा बरा.

झडतीची रीत महत्त्वाची आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण झाले पाहिजे आणि जप्त वस्तूंची यादी झाली पाहिजे. अमली पदार्थांच्या प्रकरणात अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर घ्यावी अशी मागणी करण्याचा हक्क संशयिताला आहे आणि तो त्याला सांगणे पोलिसांवर बंधनकारक आहे. हा हक्क अंगझडतीपुरता आहे, गाडीच्या किंवा पिशवीच्या झडतीला तो लागू नाही.

गाडीत एकटी स्त्री असेल तर?

तपासणीसाठी थांबणे तिलाही बंधनकारक आहे. अंगझडती फक्त स्त्रीनेच आणि सभ्यता पाळून घ्यायची असते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेऊन ती करावी लागते. ओसाड रस्त्यावर असुरक्षित वाटल्यास इंडिकेटर लावून, वेग कमी करून, जवळच्या उजेडाच्या जागी किंवा पेट्रोल पंपावर थांबावे आणि ११२ क्रमांकावर तसे कळवावे.

अटक झालीच तर कोणते हक्क आहेत?

कारण कळण्याचा, एका नातेवाइकाला वा मित्राला खबर जाण्याचा, वकिलांना भेटण्याचा आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभे केले जाण्याचा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की अटकेची कारणे लेखी आणि अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत दिली पाहिजेत. वाहतुकीचे बहुतेक गुन्हे जामीनपात्र आहेत आणि अशा गुन्ह्यांत जामीन हा हक्क असतो. वकील परवडत नसल्यास विधी सेवा प्राधिकरणाच्या १५१०० या क्रमांकावर फोन करावा. कोठडीतील व्यक्तीला आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

पोलिसांशी झालेले बोलणे मोबाइलवर चित्रित करता येते का?

सार्वजनिक रस्त्यावर, कामात अडथळा न आणता चित्रण करण्यास मनाई करणारा कायदा नाही. पोलीस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातील ‘निषिद्ध ठिकाण’ नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे, आणि गोवा त्याच उच्च न्यायालयाच्या कक्षेत येतो. अंतर ठेवून, मोबाइल कोणाच्या तोंडासमोर न धरता चित्रण करावे. गाडी चालवत असताना मोबाइल हातात धरल्यास मात्र तोच एक गुन्हा होईल.

गाडी एमएच क्रमांकाची आहे, म्हणून सारखी अडवतात. काय करावे?

परराज्याचा क्रमांक हा गुन्हा नाही. सिंधुदुर्गातून रोज कामाला येणाऱ्यांचे हे गाऱ्हाणे जुने आणि खरे आहे. गाडी सलग बारा महिन्यांहून अधिक काळ गोव्यातच ठेवली तर येथे नव्याने नोंदणी करावी लागते, पण रोज ये-जा करणाऱ्याला ती लागत नाही. गावच्या पत्त्यावरचा विमा वा कामाच्या जागेचा एखादा कागद जवळ असल्यास बोलणे लवकर संपते.

भाड्याने घेतलेल्या गाडीचा तालांव कोणी भरायचा?

काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली गाडी म्हणजे अधिकृत रेंट-अ-कॅब किंवा रेंट-अ-बाइक. अशा गाडीवर हेल्मेट, वेग, सिग्नल या चुका चालवणाऱ्याच्या आणि कागदपत्रांतील त्रुटी मालकाच्या. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणे हा परवान्याविना व्यावसायिक वापर होतो. कलम १९२-अ खाली त्याला १०,००० रुपये दंड आणि कैद आहे, गाडीही अडकते, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करू शकते. गावात पाहुण्यांना ‘मित्राची गाडी आहे असे सांगा’ असा सल्ला देणारे महाभाग आहेत. तो सल्ला ऐकणाऱ्यावरच उलटतो.

मुलगा सोळा वर्षांचा आहे. शेजारच्या दुकानापर्यंत गेला तर?

कलम १९९-अ नुसार पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द आणि मुलाला २५ वर्षांपर्यंत लायसन नाही. ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअर दुचाकीसाठी सोळाव्या वर्षी लायसन मिळते, पण बहुतेकांच्या घरी असते ती ११० सीसीची स्कूटर.

पावती न देता पैसे मागितले तर?

देऊ नयेत, आणि पावतीविना मिटवण्याची भाषा आपणही सुरू करू नये. लाच देणे हाही गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार करणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. गोव्यात दक्षता खात्याचा भ्रष्टाचारविरोधी विभाग अशा तक्रारी घेतो.

तक्रार कोठे करावी आणि ती मराठीत चालते का?

प्रथम संबंधित वाहतूक सेलच्या निरीक्षकाकडे, नंतर वाहतूक पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्यावी आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. गंभीर गैरवर्तनासाठी पणजीतील राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आणि गोवा मानवी हक्क आयोग आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी ही राजभाषा ठरवताना सरकारी कामकाजात मराठीच्याही वापराची तरतूद केली आहे, तेव्हा अर्ज मराठीत देण्यास संकोच नसावा. तारीख, वेळ, जागा, अधिकाऱ्याचे नाव, वाहन क्रमांक आणि तालांवाचा क्रमांक एवढे सहा तपशील पहिल्या परिच्छेदातच लिहावेत. राग आणि विशेषणे वगळलेला अर्ज अधिकारी शेवटपर्यंत वाचतात, असा अनुभव आहे.